महाविद्यालयीन अध्ययन-अध्यापनातील जनरेटिव्ह एआयचा जबाबदार वापर

मजकूर, संगणकीय कोड, चित्रे इत्यादी तयार करून देणारी एआय साधने उच्च शिक्षणात वापरताना पाळायची शिस्त. तिची तीन अंगे आहेत : जे शिकणे अपेक्षित आहे ते विद्यार्थ्याने स्वतः करणे, घेतलेली मदत उघडपणे नोंदवणे आणि निष्पन्नाची जबाबदारी माणसाने घेणे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि घरून लिहून आणलेल्या निबंधावरून आकलन जोखण्याची रूढ पद्धत डळमळीत झाली. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण व संशोधनातील वापराबाबत मार्गदर्शिका काढली.

या साधनांमागची भाषा-प्रारूपे आधीच्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे, हे ठरवत वाक्ये रचतात. विधान खरे की खोटे, याची तपासणी त्या प्रक्रियेत आपोआप होत नाही. त्यामुळे लेखक खरा, नियतकालिक खरे, पण तसा लेखच कधी छापलेला नाही, असे संदर्भ मिळतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयाने चॅटजीपीटीने रचून दिलेले असे काल्पनिक निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. इंटरनेटवर शोध घेणाऱ्या साधनांमध्ये दुवा बहुधा खरा असतो, मात्र साधनाने सांगितलेला मुद्दा त्या पानावर नसू शकतो. ही चूक अधिक फसवी आहे, कारण दुवा उघडला की वाचणारा निर्धास्त होतो. म्हणून संदर्भाची तपासणी दोन टप्प्यांत करावी. आधी ग्रंथालयाच्या सूचीत किंवा डीओआय (प्रत्येक शोधलेखाला दिलेला कायमचा ओळख-क्रमांक) वापरून लेख अस्तित्वात आहे का ते पाहावे, मग मूळ लेखातील नेमका परिच्छेद वाचावा. मूळ लेख हाती आला नाही, तर तो संदर्भ वगळावा.

अध्ययनावरचा परिणाम साधन कोणत्या टप्प्यावर हाती येते यावर अवलंबून असतो. तुर्कस्तानातील सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. साधे चॅट-साधन मिळालेल्या गटाची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. साधन काढून घेतल्यावरच्या परीक्षेत मात्र हाच गट साधन न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. उत्तर न देता केवळ सूचक मदत करणाऱ्या साधनाने हे नुकसान बऱ्याच अंशी टळले. प्रयोग शालेय पातळीवरचा असला, तरी महाविद्यालयातील सरावालाही तो इशारा लागू पडावा. आधी स्वतः गणित सोडवून, आराखडा लिहून किंवा कोड चालवून पाहावा, आणि मग ‘माझी पायरी कुठे चुकली तेवढे सांग, पूर्ण उत्तर देऊ नकोस’ असे विचारावे. हा क्रम उलटा झाला की समोरचे उत्तर समजल्यासारखे वाटते, पण कोऱ्या कागदावर ते उतरत नाही.

संपूर्ण अभ्यासक्रमासाठी एकच सरसकट नियम पुरत नाही. नियम प्रत्येक स्वाध्यायासोबत लिहून द्यावा. माइक पर्किन्स, लिऑन फर्झ या शिक्षण-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पाच पातळ्यांची मापनी मांडली. ‘एआय अजिबात नाही’ येथून ती सुरू होते आणि कल्पना सुचवणे, भाषा सुधारणे असे टप्पे घेत पूर्ण वापरापर्यंत जाते. येथे एक गोष्ट नेहमी दुर्लक्षिली जाते : ‘अजिबात नाही’ ही पातळी घरी करायच्या कामाला लावता येत नाही. ती हवी असेल, तर काम वर्गात, देखरेखीखाली करून घ्यावे लागते. अन्यथा प्रामाणिक विद्यार्थ्याचेच नुकसान होते.

वापराची नोंद मोघम असू नये. ‘एआयची मदत घेतली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. साधनाचे नाव व आवृत्ती, तारीख, कामाचा टप्पा, साधनाला दिलेली सूचना आणि उत्तरातले काय ठेवले, काय बदलले, एवढे चार-पाच ओळींत यावे. संभाषणाची प्रत निकाल लागेपर्यंत जपून ठेवावी. एआयला सहलेखक म्हणून दाखवू नये, कारण मजकुराचे उत्तरदायित्व त्याला घेता येत नाही.

एआय-लिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांचा निकाल पुरावा म्हणून धरणे अन्यायाचे आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने अपुऱ्या अचूकतेमुळे स्वतःचे असे साधन जुलै २०२३ मध्ये बंद केले. ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखत होते आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होते. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले अर्ध्याहून अधिक निबंध अशी साधने एआयचे ठरवतात. मोजकी शब्दसंपदा आणि साधी रचना यांनाच ती यंत्राची खूण समजतात. शंका आल्यास कच्चे मसुदे, दस्तऐवजाचा बदल-इतिहास आणि पाच ते दहा मिनिटांची तोंडी चर्चा यांवर भर द्यावा. ‘हाच युक्तिवाद का निवडला?’, ‘ही अट काढली तर निष्कर्ष बदलेल का?’ अशा प्रश्नांतून आकलन बरेच स्पष्ट होते. मात्र बुजरा विद्यार्थी अडखळला, म्हणून तो दोषी ठरत नाही. शक्य असल्यास अशी चर्चा सर्वांसाठीच मूल्यमापनाचा भाग करावी.

शिक्षकांनाही हीच बंधने लागू होतात. बहुपर्यायी प्रश्न तयार करून घेतल्यास दोन पर्याय बरोबर असणे किंवा उत्तरसूचीच चुकलेली असणे, हे दोष आढळतात. प्रत्येक प्रश्न शिक्षकाने स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय वापरू नये. एकच उत्तरपत्रिका दोनदा दिल्यास साधन वेगवेगळे गुण देऊ शकते, म्हणून गुणदान त्याच्यावर सोपवू नये. अभिप्रायाचा मसुदा त्याच्याकडून घेतला, तर विद्यार्थ्यांना तसे सांगावे.

नाव, हजेरी क्रमांक, गुण, मुलाखतींच्या नोंदी, अप्रकाशित प्रबंध यांपैकी काहीही सार्वजनिक साधनात टाकू नये. काही सेवा वापरकर्त्याचा मजकूर प्रारूपाच्या पुढील प्रशिक्षणासाठी वापरतात. केवळ नाव खोडणेही पुरेसे नसते. छोट्या वर्गात विषय आणि गुण यांवरूनही व्यक्ती ओळखू येते. स्वाध्यायासाठी एआय सक्तीचे असेल, तर संस्थेने सर्वांना समान क्षमतेचे साधन द्यावे, आणि खाते उघडू न इच्छिणाऱ्याला त्याच गुणांचे पर्यायी काम उपलब्ध ठेवावे.