झिजलेली शिवराई: ओळख पटते, पण काळ का ठरत नाही

घरात पिढ्यानपिढ्या जपलेलं काळपट, जाडसर, कडेला वेडंवाकडं तांब्याचं नाणं पश्चिम महाराष्ट्रात निघालं तर बऱ्याचदा ती शिवराईच असते, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. आता हे सगळं एकाच नाण्यावर पूर्ण दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, हातोडा मारला की जेवढं मावेल तेवढंच उमटायचं. त्यात झीज. मग हातात उरतं काय तर ‘रा’चा काना, ‘ज’चं वळण नाहीतर कडेचे चार ठिपके, पण एवढ्यावरूनही बऱ्याचदा शिवराई ओळखता येते.

खरी अडचण पुढे येते. घरचे विचारतात, ही महाराजांच्या काळातली का? आणि नाण्यांच्या बाजारात याचं उत्तर फार सहज ‘हो’ असं दिलं जातं.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई सुरू झाली असं साधारण मानलं जातं. त्याच वर्षी रायगडावर आलेल्या इंग्रजांच्या वकिलाने आपलं नाणं स्वराज्यात चालावं अशी मागणी केली होती, त्यावर महाराजांचं म्हणणं असं की रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्ती मी करणार नाही, तुमचं नाणं वजनाला आणि कसाला खरं उतरलं तर मी अडवणारही नाही. स्वतःचं नाणं पाडणारा राजा कसा विचार करत होता ते यातून चांगलंच कळतं.

पण हेच ‘श्री राजा शिव’ नंतरही पाडलं गेलं, आणि एकदोन वर्षं नाही तर पार पेशवाईच्या शेवटापर्यंत. संभाजीराजे, राजाराम महाराज, शाहू महाराज यांच्या स्वतःच्या नावाची तांब्याची नाणी आहेत, ती कमी सापडतात, आणि तरी शिवरायांच्या नावाचं नाणं काही थांबलं नाही. पेशवाईत तर चांदीच्या रुपयावर फारसीत दिल्लीच्या बादशहाचं नाव असायचं आणि तांब्याच्या पैशावर शिवछत्रपतींचं. म्हणजे बाजारात भाजी घेणाऱ्या, मजुरी घेणाऱ्या माणसाच्या मुठीत रोज जे नाव होतं ते महाराजांचं होतं. मला स्वतःला ही गोष्ट नाणं रायगडावर पडलं का नाही यापेक्षा मोठी वाटते.

आता वाद कसला ते बघू. बहुतेक शिवराईवर ना साल ना टांकसाळीचं नाव. त्यामुळे अभ्यासकांचा एक गट अक्षरांवर जातो. लिहिणं शुद्ध, अक्षरं घोटीव, ठिपके रेखीव, वजन अकरा-बारा ग्रॅमकडे झुकणारं असेल तर ते नाणं जुनं, कदाचित महाराजांच्या हयातीतलं, आणि ‘शिव’चं ‘सिव’ किंवा ‘शीव’ झालं, अक्षर ओबडधोबड झालं की ते उशिराचं. होनावरही हाच मजकूर असल्यामुळे त्याच्या अक्षराशी तुलना करता येते, तो मुद्दा बरा आहे. दुसरा गट म्हणतो की एखादा चांगला कारागीर कधीही असू शकतो, शंभर वर्षांनंतरही, आणि अक्षर न येणारा ठसे कोरणारा पहिल्या वर्षीही असू शकतो. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. वजनाचंही तसंच, दीडदोनशे वर्षं हाताळलेल्या नाण्याचं आजचं वजन मूळचं किती ते सांगत नाही.

टांकसाळींची पद्धत बघितली की हे अजून पटतं. १७४४ च्या सुमारास नागोठणे, रेवदंडा या भागात खाजगी लोकांना तांब्याचे पैसे पाडायचे परवाने दिले गेले, ठरावीक मुदत, वाढती रक्कम सरकारात भरायची, आणि पैशाचं वजन दहा मासे, म्हणजे साधारण पावणेदहा ग्रॅम. अशा ठिकठिकाणच्या ठेकेदारांनी, आपापल्या सोनाराकडून ठसे कोरून घेऊन पाडलेली नाणी एकसारखी असतील कशी! घरोघरी सापडणाऱ्या नऊ-दहा ग्रॅमच्या शिवराया या काळातल्या असू शकतात, पण नुसत्या वजनावरून तसं खात्रीने म्हणता येत नाही. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, ती पेशवाईच्या उत्तरार्धातली धरतात.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावरही शिवराई चलनात राहिली. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सगळीकडे एकच नाणं करायचा कायदा केला, तरी खेड्यातला व्यवहार लगेच बदलला नाही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ती हातात होती. म्हणून तर इतक्या घरांत उरली.

झिजलेलं नाणं शिवराईच असेल असंही नाही. तराजू आणि पारड्यांच्या मध्ये फारसीत ‘अदल’ (न्याय) दिसलं तर तो कंपनीचा मुंबईचा पैसा. दोन्ही बाजूंना नुसती फारसी अक्षरं असतील तर नगरकडे निजामशाहीचा फलूस, म्हणजे तांब्याचं नाणं, असू शकतो. आणि राम-सीता-हनुमान, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं असेल तर ते नाणंच नव्हे, कंपनीने असं कधी पाडलंच नाही, ही नंतर बनवलेली टोकनं आहेत आणि हजारो-लाखोंच्या नावाखाली लोकांना सर्रास फसवलं जातंय, याचा खरंच संताप येतो.

हल्ली साच्यात ओतलेल्या नकली शिवरायाही बाजारात येतात. त्यांच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, कडेला जोडाची रेघ असते आणि अक्षरांच्या कडा मऊ असतात. घरच्या नाण्याची झीज वेगळी. देव्हाऱ्यातलं असेल तर दर लक्ष्मीपूजनाला चिंचेने, राखेने घासून घासून अक्षरं गेलेली असतात आणि रंग लालसर निघतो, व्यवहारात फिरलेलं असेल तर उंच भाग आधी जातात आणि खोलगट भागात काळं टिकून राहतं. ते काळं काढू नका, त्याच्यामुळेच अक्षर वाचता येतं. तिरका उजेड टाकून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन करा.

आणि नाणं कुणाकडून आलं, ते घर मूळ कुठल्या गावचं, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. तांब्याचा पैसा आपल्या मुलखातच जास्त फिरायचा, त्यामुळे टांकसाळ नसलेल्या शिवराईला कुठल्या भागातली म्हणायचं ते या गावावरूनच थोडंफार सांगता येतं. व्यापाऱ्याकडच्या ढिगात एकदा गेली की तो धागाही उरत नाही.