सोन्याची नाणी आणि कस्टम डिक्लेरेशन

परदेशातून भारतात येताना सोबत असलेली सोन्याची नाणी कस्टमला सांगायची, ड्युटी भरायची, पावती घ्यायची आणि मग बाहेर पडायचं, याला डिक्लेरेशन म्हणतात. 1962 च्या कस्टम्स ॲक्टच्या कलम 77 प्रमाणे आपल्या बॅगेत काय आहे ते सांगायची जबाबदारी आपलीच, ऑफिसरने विचारायची वाट बघायची नसते.

घोळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. पुरुषाला 20 ग्रॅम आणि बाईला 40 ग्रॅम फ्री, हे दुबईहून येणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं, पण ती सूट दागिन्यांची, आणि तीसुद्धा वर्षापेक्षा जास्त परदेशात राहून आलेल्यालाच. 2016 च्या बॅगेज रूल्समध्ये तर त्यावर 50 हजार आणि 1 लाख अशी किमतीची मर्यादाही होती, सोनं चढत गेलं तसं त्या 50 हजारात 20 ग्रॅम बसेनासंच झालं. नाणं मात्र दागिना नाही. दागिने सोडून कुठल्याही रूपातलं सोनं बॅगेजच्या रूल्समध्ये फ्री अलाउन्समधून सरळ बाहेर काढलंय, त्यामुळे देव्हाऱ्यात ठेवायला आणलेलं लक्ष्मीचं एक ग्रॅमचं नाणं असलं तरी ते ड्युटीचंच.

ड्युटी किती, हे तुम्ही बाहेर किती दिवस होतात त्यावर. भारतीय पासपोर्टवाला किंवा मूळ भारतीय माणूस निदान 6 महिने बाहेर राहून येत असेल (मधल्या छोट्या फेऱ्या मिळून 30 दिवसांच्या आत असल्या तर त्या धरत नाहीत) तर त्याला 1 किलोपर्यंत सोनं सवलतीच्या दराने आणता येतं. हा दर जुलै 2024 च्या बजेटमध्ये 15 टक्क्यांवरून 6 वर आला. आठवडाभर फिरून आलेल्याला ही सवलत नाही, त्याला बॅगेजचा साधा दर म्हणजे 38.5 टक्के. 2024 च्या त्या 6 टक्के दराने धरलं तर 5 लाखांच्या नाण्यांवर एकाला 30 हजार आणि दुसऱ्याला 1 लाख 92 हजार 500, नाणी तीच, विमानही तेच! किंमत दुकानाच्या बिलावरून नाही, सरकार दर पंधरवड्याला जी टॅरिफ व्हॅल्यू जाहीर करतं तिच्यावरून धरतात. आणि सवलतीची ड्युटी परकीय चलनात भरायची असते, म्हणून शेवटचे दिरहम ड्युटी फ्रीत चॉकलेटांवर उडवू नयेत.

शुद्धतेचंही एक लफडं आहे. सवलतीच्या दराच्या सरकारी नोटिफिकेशनमध्ये 99.5 टक्के किंवा वरची नाणी एका ओळीत, आणि बाकी सोनं, तोळ्याची बिस्किटं धरून, दुसऱ्या ओळीत. आपल्याकडे जिला गिनी म्हणतात ती ब्रिटिश सॉव्हरिन, वजन साधारण 8 ग्रॅम, ती 22 कॅरेटची, म्हणजे 91.67 टक्के, दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँडही तसंच. ही नाणी असूनही दुसऱ्या ओळीत जातात. युरोपियन युनियनची रीत वेगळी, तिथे 2021 पासून 90 टक्के किंवा त्याहून जास्त सोनं असलेलं नाणं रोख रकमेतच मोजतात आणि सगळं मिळून 10 हजार युरो झाले की सांगावं लागतं. दुबईहून निघतानाही रोख आणि सोनं वगैरे मिळून 60 हजार दिरहमच्या वर असेल तर तिथल्या कस्टमला सांगायचं असतं, हे बरेच जण विसरतात.

प्रत्यक्षात काम सोपं आहे. सामान घेऊन लाल चॅनलला, म्हणजे ड्युटीचं सामान सांगणाऱ्यांच्या रांगेला, जायचं, बिल आणि पासपोर्ट पुढे करायचा, नाणी काट्यावर जातात, गरज पडली तर सराफाकडून तपासून घेतात. ड्युटी भरायची नसेल आणि लवकरच परत जायचं असेल तर कलम 80 खाली नाणी कस्टमकडे ठेवून पावती घ्यायची आणि जाताना परत घ्यायची, पण हे आधी खरं सांगणाऱ्यालाच मिळतं. हिरव्या चॅनलमधून, म्हणजे सांगण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, गुपचूप निघालेला सापडला तर नाणी जप्त, वर दंड, मोठ्या रकमेला अटकसुद्धा. ‘मला माहीत नव्हतं’ ला तिथे फारशी किंमत नाही.

बाहेर जाताना उलटी अडचण. आजीच्या पेटीतली 1911 ची गिनी अमेरिकेतल्या नातीला द्यायची म्हणून पर्समध्ये टाकली तर ती 100 वर्षांपुढची, म्हणजे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.