माळ्यावरच्या नव्या बुटाला काय झालं

डिसेंबरात आम्ही घरचे नऊ जण मनालीला गेलो होतो. जळगावहून रेल्वेने दिल्ली, तिथून रात्रभर बस, आणि दुसऱ्या दिवशी मनालीजवळच्या सोलंगला गाडीतून उतरून दहा मिनिटं झाली नसतील तर मागून भाचीची हाक, मामा जरा थांब ना. वळून पाहिलं तर एका पायात बूट आहे आणि त्याचा सोल चार पावलं मागे बर्फात पडलाय. उचलायला गेलो तर हातात चुरा आला, शिळ्या केकसारखा. पाच मिनिटांत दुसऱ्या बुटाचंही तेच. आई गाडीतूनच ओरडली, "काय व्हयनं व माय?"

आता गंमत अशी की हे बूट एकदाही घातलेले नव्हते. २०१९ च्या दिवाळीत घेतलेले, चांगल्यापैकी महाग, घोट्याच्या वर येणारे, काठाला फर, बाजूला चेन, खाली दीड इंचाचा जाडजूड सोल, आताच्या पोरींना आवडतो तसा. मार्च २०२० चं बुकिंग होतं, पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून बूट खोक्यात, खोकं माळ्यावर, माळ्याच्या वर पत्रा.

आत्याने लगेच निदान केलं, शनिवारी घेतले असतील. शनिवारी चप्पल-बूट घेऊ नये हे आमच्याकडे अजून पाळतात. खोक्यात बिल होतं, त्याचा फोटो भाचीने दुकानदाराशी भांडायला म्हणून काढून ठेवलेला, तो पाहिला तर वार मंगळवार. मग अमावस्या असेल म्हणाली. शनीला जर बुटांचा सोल सोडवायचा असता तर आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे पाय उघडे पडले असते, पण ते जाऊ द्या, कारण खरं कारण शनीपेक्षा जास्त मजेशीर आहे आणि मी केमिस्ट्री शिकवतो त्यामुळे मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यांचा समज असा की वस्तू वापरल्याने झिजते आणि न वापरता ठेवली तर नवी राहते. पितळेच्या तांब्याला हे लागू आहे, या बुटाला नाही. हा ठेवून ठेवूनच मेला.

सोल होता पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याची रसायनक्रिया शोधली आणि आज गादीच्या फोमपासून सोफ्याच्या रेक्झिनपर्यंत ते सगळीकडे आहे. हल्ली 'वीगन लेदर' म्हणून ज्या पर्स विकतात त्यातल्या बऱ्याच म्हणजे कापडावर पीयूचा थर, नाव बदललं की भाव वाढतो इतकंच. तर पीयू एक नसतं, त्याचे मुख्य दोन प्रकार. त्याच्या रेणूच्या लांबलचक साखळीतले लवचिक तुकडे एकतर एस्टरचे असतात नाहीतर ईथरचे, आणि बुटाच्या सोलमध्ये बहुतेक वेळा एस्टरवालं वापरतात कारण ते घासलं तरी लवकर झिजत नाही, फाटत नाही, तेल लागलं तरी फुगत नाही. म्हणजे दुकानात ज्या कसोट्या लावता येतात त्या सगळ्यांत ते पहिलं येतं.

एस्टर म्हणजे काय ते दहावीच्या कार्बनी संयुगांच्या धड्यात येऊन गेलंय. आम्ल अधिक अल्कोहोल, थोडं तीव्र सल्फ्युरिक आम्ल, गरम करा, गोड वासाचा एस्टर तयार आणि बाजूला पाणी. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला एस्टरचा वास वेगळा शिकवायला नको, रावेर-यावलकडे पिकायला लावलेल्या केळीच्या खोलीचं दार उघडलं की जो भपकारा येतो त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल ॲसिटेट, म्हणजे एस्टरच. पण नीट लिहिलेल्या त्या समीकरणात बाण दोन्हीकडे तोंड करून असतो आणि परीक्षेपुरतं वाचणारी पोरं तो बाण बघतच नाहीत. एस्टर बनताना पाणी बाहेर पडतं, तसंच एस्टरला पाणी मिळालं की तो परत आम्ल आणि अल्कोहोल होऊ शकतो. याला हायड्रोलिसिस म्हणतात, मराठीत जलविघटन. थंड कोरड्या जागी हे इतकं हळू होतं की झालंच नाही म्हणा. पण गरमी आणि दमट हवा दोन्ही मिळाली की पाणी एकेक करून साखळीतले एस्टरचे जोड कापत बसतं.

आणि इथे माझा सगळ्यात आवडता भाग. एक जोड कापला की तिथे एक आम्लाचं टोक उघडं पडतं (सोलच्या पीयूत बहुधा ॲडिपिक ॲसिडचं), आणि आम्ल हे याच क्रियेचं उत्प्रेरक आहे, म्हणजे पहिला जोड तुटला की दुसरा तुटणं सोपं, दुसऱ्याने तिसरा सोपा. चोराने घरात शिरून आतून दुसऱ्या चोराला दार उघडावं तसं. त्यामुळे पहिली तीन-चार वर्षं बुटात काहीच फरक दिसत नाही आणि मग एका वर्षात सगळं संपतं. माणूस म्हणतो, मागच्या दिवाळीला साफसफाई करताना पाहिले तेव्हा तर चांगले होते! होते की, दिसायला.

दिसायला का चांगले, तर त्यासाठी कापूस आठवा. आपल्याकडे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, लांब धाग्याच्या कापसाला भाव का. तंतू लांब असले की एकमेकांत गुंततात, पीळ धरतात, सूत ओढलं तरी तुटत नाही. तोच कापूस बारीक कातरून टाकला तर वजन तेवढंच, रंग तोच, पण सूत निघणार नाही. पॉलिमरचं, म्हणजे पीयूसारख्या लांब साखळ्यांच्या पदार्थाचं, अगदी तसंच आहे, त्याची ताकद साखळ्यांच्या लांबीत आणि गुंत्यात असते. समजा एका साखळीत १०० एस्टर जोड आहेत आणि पाण्याने त्यातले फक्त ४ कापले. ९६ शाबूत आहेत, पण साखळीचे तुकडे झाले पाच, सरासरी लांबी पाचवा हिस्सा. बूट वजनाला तेवढाच, चकाकी तीच, आणि पाय ठेवला की भुगा.

आता आपला माळा. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट. २० अंशांच्या खोलीच्या तुलनेत ४५ अंशांच्या माळ्यावर वेग साडेपाच पटीच्या घरात जातो, आणि मे महिन्यात पत्र्याखाली ४५ ला थांबत असेल तर नवल. पण खरं सांगायचं तर मे आपल्याकडे कोरडा, पाणीच नाही तर कापणार कोण. खरा घात जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. ३० अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. खोक्यातली ती सिलिका जेलची इवलीशी पुडी पहिल्याच पावसाळ्यात पाणी पिऊन गच्च होते आणि नंतरची चार वर्षं नुसती शोभेला. युरोपातल्या थंड कपाटातसुद्धा असे सोल पाच ते दहा वर्षांत जातात. तिकडच्या म्युझियमवाल्यांची तर पीयू फोमच्या वस्तूंनी झोप उडवलीय, शंभर वर्षांचा चामड्याचा जोडा नीट आणि १९७० च्या फोमची खुर्ची भुगा.

रेनकोट आतून चिकट होऊन सोलतो, सोफ्याच्या रेक्झिनचे पापुद्रे निघतात, जुन्या बॅगेचं अस्तर हाताला काळं लागतं, यातलं बरंचसं हेच प्रकरण आहे.

मग कंपन्या रबर का लावत नाहीत? लावतात, जे खरोखर बर्फातल्या माणसासाठी बूट करतात ते खाली निदान रबराचा थर देतात. पण फॅशनला पाहिजे जाड सोल. २५ सेंटिमीटर लांब, ८ रुंद, ४ जाड असा सोल धरा, झाले ८०० घन सेंटिमीटर. भरीव रबराचा केला तर एका पायाला ९०० ग्रॅमच्या वर. भाची एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाईपर्यंत दमली असती. पीयूच्या फोमचा केला तर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जाडी पाहिजे म्हणून फोम आला, आणि फोम म्हणजे लाखो बारीक बुडबुडे, त्यांच्या भिंती पातळ, दमट हवेला आत शिरायला जागाच जागा. आरशात जे चांगलं दिसतं त्यानेच सोल मारला. नियमित घातलेला बूट जास्त टिकतो असंही बूट बनवणारेच सांगतात, चालताना फोम दबतो-फुगतो आणि आतला ओलावा बाहेर पडतो म्हणून.

सोलंगच्या वाटेवर कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. शेवटी भाचीने तिथले गमबूट घातले, आपल्याकडे गव्हाला रात्रीचं पाणी भरायला जाताना घालतात तसेच काळे. ते पीव्हीसीचे असतात, साखळीचा कणा कार्बन-कार्बनचा, एस्टर जोड कण्यात नाहीच, त्यामुळे पाण्याची दातखिळी बसते. पण त्यांची वेगळी बोंब. पीव्हीसी मुळात कडक, शेतातल्या पाइपासारखं, त्यात मऊ करणारं प्लास्टिसायझर घालून बूट करतात, आणि शून्याच्या खाली ते परत कडक व्हायला लागतं. सोल कडक झाला की बर्फाच्या खडबडीत पृष्ठभागावर बसत नाही, नुसता टेकतो. याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे २८ जानेवारी १९८६ ला कोसळलेलं अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान, तिथे थंडीने रॉकेटच्या जोडातली रबरी रिंग कडक झाली होती, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने नंतर चौकशीत ती रिंग क्लॅम्पमध्ये आवळून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवून सगळ्यांसमोर दाखवली. इथे फक्त भाची बसली खाली.

त्यावर आमच्यातला एक इंजिनिअर म्हणाला, वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून घसरतं. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे खरं, पण किती? दाब एका वातावरणाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाइतका, वाढला तर ०.००७४ अंश. ६० किलोचं माणूस सपाट बुटावर उभं राहिलं, १५० चौरस सेंटिमीटर टेकले, तर दाब वाढला ०.४ वातावरण, वितळणबिंदू उतरला ०.००३ अंश. बरं, उंच टाचेचा बूट घाला, सगळं वजन एका चौरस सेंटिमीटरवर, तरी ६० वातावरण, म्हणजे अर्धा अंशही नाही. उणे ५ ला काही वितळत नाही त्याने. बर्फ निसरडा आहे तो त्याच्या पृष्ठभागामुळे, वरच्या थरातल्या रेणूंना वरून धरायला कोणी शेजारी नाही म्हणून ते ढिले, जवळजवळ पाण्यासारखे असतात, हा थर काही नॅनोमीटरचाच. त्याची कल्पना मायकेल फॅरेडेने १८५० मध्येच मांडली होती. त्यात घसरताना घर्षणाची उष्णता येते, ते बोडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये दाखवलं. उंच टाच वाईटच, पण कारण वेगळं, टेकायला जागा कमी आणि तोल वर गेलेला. आणि सगळ्यात वाईट शून्याच्या जवळचा ओला बर्फ, दुपारी पर्यटक ज्यावर फोटो काढतात तोच.

फरबद्दल थोडंच सांगतो. ऊब फरची नसते, फरमध्ये अडकलेल्या स्थिर हवेची असते. फर काठाला बाहेर लावली की ती फोटोला ऊब देते. निमुळत्या तोंडाच्या बुटात दोन मोजे कोंबले की हवा दबून जाते, बोटांचं रक्त अडतं आणि एका मोज्यात होता त्यापेक्षा पाय जास्त गार पडतो. बाजूच्या चेनमधून वितळलेलं पाणी आत आलं की संपलंच, स्थिर पाणी स्थिर हवेच्या पंचवीसेक पट वेगाने उष्णता काढून नेतं. डब्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं ते कापडाबद्दल, चेनबद्दल कोणी काही लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

खान्देशात थंडी नाही असं नाही, धुळ्यात पारा पाच-सहावर येतो, अक्कलकुव्याच्या डाबकडे दव गोठल्याच्या बातम्या येतात. पण ती कोरडी थंडी, तिला चामड्याचा साधा जोडा आणि एक लोकरी मोजा पुरतो, शेतातल्या भरीत पार्टीला आम्ही तर चपलेवर जातो. पाच वर्षांतून एकदा मनालीला जायचं तर बूट तिथेच भाड्याने घ्यावेत, आणि घ्यायचेच असतील तर खालचा सोल रबराचा आहे का ते बघावं, नंतर माळ्यावर न टाकता अधूनमधून घालत राहावेत.

परत आल्यावर मी माळ्यावर चढलो. त्याच दिवाळीला त्याच दुकानातून माझ्या बहिणीनेही एक जोड घेतला होता, तो तिने मनालीला नेलाच नव्हता, खराब होतील म्हणून. खोकं उघडलं, वरचा पातळ कागद तसाच, बूट चकचकीत. सोलवर अंगठा दाबला तर भाजलेल्या वांग्यात जावा तसा आत गेला.