सदुसष्टावी मर्सेन संख्या

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संयुक्त संख्या. द्विमान पद्धतीत ती सलग ६७ एककांनी लिहिली जाते. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन मूळ संख्यांचा ती गुणाकार असल्याने तिला चारच विभाजक आहेत.

फ्रेंच गणिती मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये, २ च्या ज्या घातातून १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते अशा घातांकांची यादी दिली व तीत ६७ चा समावेश केला; म्हणजे ही संख्या मूळ मानली गेली होती. मूळ यादीत ६१ असावे आणि छपाईत किंवा नकलेत त्याचे ६७ झाले असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला आहे. ६१ या घातांकाची संख्या १८८३ मध्ये मूळ ठरल्याने त्या तर्काला बळ मिळाले. परंतु त्याच यादीतून ८९ आणि १०७ हे योग्य घातांक सुटले आहेत, आणि २५७ हा अयोग्य घातांक तीत आला आहे. एवढ्या चुका असताना एकट्या ६७ साठी मुद्रणदोष मानण्यापेक्षा यादीच अपुऱ्या आधारावर रचली गेली होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ही संख्या संयुक्त असल्याचे दाखविण्याचे श्रेय साधारणतः फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांना (१८७६) दिले जाते. त्यांच्या कसोटीने संख्या मूळ नाही एवढेच ठरते, अवयव मिळत नाहीत. हे अवयव अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी द्विघाती अवशेषांच्या (वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या) साहाय्याने शोधले व १९०३ मध्ये जाहीर केले. त्यांनी सभेत एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार करून दाखविला, ही प्रसिद्ध कथा सुमारे अर्धशतकानंतरच्या लेखनातून रूढ झाली असल्याने तिचा तपशील जपूनच घ्यावा.

अवयवांचा शोध अवघड का होता, हे त्यांच्या स्वरूपावरून कळते. या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाने भागले असता २ च्या ज्या सर्वांत लहान घाताची बाकी १ उरते, तो घात ६७ वाच असतो; म्हणून असा अवयव १३४क + १ या रूपाचा असावा लागतो. शिवाय २ हा त्याचा द्विघाती अवशेष असल्याने ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. लहान अवयवासाठी क = १४,४५,५८०. दोन्ही अटी लावूनही त्याच्यापर्यंत सुमारे सव्वासात लाख उमेदवार उरतात, आणि लहान मूळ संख्यांनी भाग जाणारे गाळले तरी हाताने करावयाचे काम प्रचंडच राहते.

२ हा पाया घेतल्यास ही संख्या फर्माची कसोटी (पायाचा, संख्येपेक्षा एकने कमी असलेला घात त्या संख्येने भागल्यास बाकी १ उरणे) उत्तीर्ण होते, म्हणजेच मूळ नसूनही कसोटीला उतरणारी ती छद्म-मूळ संख्या आहे. मूळ घातांकाच्या सर्वच संयुक्त मर्सेन संख्यांना हे लागू पडते. ८ ने भागल्यावर तिची बाकी ७ येत असल्याने ती तीन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येत नाही, त्यासाठी चार वर्ग लागतात. ती मूळ असती, तर तिला २ च्या ६६ व्या घाताने गुणून एक परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या) मिळाली असती.