सामू आणि ईसी: बंद खोलीतल्या पाण्याचे दोन आकडे

खारवट जमीन आणि चोपण जमीन यांतला फरक शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. खारवट जमिनीत विरघळलेल्या क्षारांचा साठा मोठा असतो, म्हणजे तिची विद्युत वाहकता ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर जाते, पण सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) सहसा ८.५ च्या आत राहतो. चोपण जमिनीत सामूच ८.५ च्या पुढे गेलेला असतो आणि मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. म्हणून पहिलीला निचरा आणि भरपूर पाणी लागते, तर दुसरीला आधी जिप्सम घालावे लागते. मात्र याच घरातला मुलगा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत एलईडी दिव्यांखाली, मातीविना, लेट्यूस किंवा तुळशीच्या परदेशी जाती वाढवू लागला की, खत विरघळवलेल्या टाकीतल्या पाण्याचे हेच दोन आकडे त्याला एकाच गोष्टीची दोन नावे वाटू लागतात.

ईसी, म्हणजेच विद्युत वाहकता, पाण्यात विरघळलेल्या आयनांमुळे (विद्युतभारित कणांमुळे) वीज किती सहज वाहते एवढेच सांगते. लेट्यूससाठी ती साधारण १.२ ते १.८ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर ठेवतात. हे आयन नायट्रेटचे आहेत, कॅल्शियमचे आहेत की बोअरच्या पाण्यातल्या मिठाचे आहेत, हे मात्र मीटरला कळत नाही. उलट युरिया विरघळला तरी त्याचे आयन होत नसल्याने तो या आकड्यात जवळपास दिसतच नाही. ठिबकसाठी आणलेल्या १९:१९:१९ खतात बहुधा युरिया असतो, त्यामुळे ते खत टाकीत घालून ईसीवर विसंबणाऱ्याची हमखास फसगत होते. (पाण्यातले क्षार दाखवणारे टीडीएसचे पेनही ईसीच मोजते आणि तिला ५०० ने किंवा ७०० ने गुणून पीपीएम, म्हणजे दहा लाखांतले भाग, दाखवते, म्हणून १.४ ईसीचे एकच पाणी एका पेनावर ७०० आणि दुसऱ्यावर ९८० दिसते. मी पीपीएममध्ये बोलणे सोडून दिले आहे.)

पाण्यात अन्न किती आहे, याच्याशी सामूचा थेट संबंध नाही. असलेले अन्न मुळांना घेता येईल अशा रूपात राहील की नाही, हे त्यावर ठरते. मातीविना शेतीत तो ५.५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवतात. ही मोजपट्टी दशपटीची असल्याने ६ वरून ७ वर जाणे म्हणजे आम्लता दहा पटींनी घटणे होय.

माझ्या खोलीतला प्रसंग असा. लेट्यूसची कोवळी पाने पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. उसावर केवडा पडतो (लोहाअभावी पाने पिवळी पडतात), तेव्हाच्या पानासारखेच ते पान दिसत होते. पण डोळ्यांसमोरची ही खूण मी वाचली नाही. ईसी १.४ होती. खत कमी पडले असे समजून मी ती २.२ पर्यंत नेली आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. त्यानंतर सामू पाहिला, तो ७.४ निघाला. टाकीत लोह पुरेसे होते, पण ते ईडीटीए प्रकारचे चिलेट, म्हणजे लोहाला धरून ठेवणारे संयुग, होते आणि सामू साडेसहाच्या पुढे गेला की ती पकड सुटू लागते. चुनखडीच्या रानात लोह असूनही उसाला केवडा पडतो, त्यामागचे कारणही असेच असते. मी अर्धी टाकी साध्या पाण्याने बदलली आणि ठिबकच्या नळ्या धुण्यासाठी ठेवलेल्या फॉस्फोरिक ॲसिडने, ते पाण्यात थेंबाथेंबाने सोडत, सामू ५.९ वर आणला. पुढची पाने हिरवी आली. पिवळी पडलेली मात्र पुरती सावरली नाहीत.

हे दोन आकडे वेगळे असले तरी एकमेकांना ओढतात, आणि गोंधळाचे मूळ बहुधा इथेच असावे. खत घातले की सामू सहसा थोडा उतरतो, तर ॲसिड घातले की ईसी थोडी चढते. झाड नायट्रेट उचलते तसा सामू हळूहळू वर सरकतो. म्हणून आधी खत, मग पाणी नीट ढवळून घेणे आणि शेवटी सामू, हा क्रम खत आणि ॲसिड आपोआप सोडणाऱ्या यंत्रालाही पाळायला लावावा लागतो.

ईसीसाठी खत सोडणारा आणि सामूसाठी ॲसिड सोडणारा, असे या यंत्राचे दोन्ही पंप सारखेच दिसतात, पण दोन्हींवर सारखा भरवसा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ईसीचा सेन्सर दणकट असतो. त्याच्यावर थर साचला तर अधूनमधून पुसावा लागतो, इतकेच. त्याच्या चुकीने खत जास्त पडलेच, तर पाणी घालून ते निस्तरता येते. सामूच्या सेन्सरचा काचेचा फुगा मात्र वर्ष-दोन वर्षांत म्हातारा होतो, कोरडा पडला तर बिघडतो, आणि बिघडल्यावरही ठामपणे आकडा दाखवत राहतो. तो आकडा ६.८ वर अडकला, तर पंप रात्रभर ॲसिड ओतत राहील. त्यामुळे एका वेळी काही मिलिलिटर आणि दिवसभरात ठरावीक मर्यादा, यापलीकडे ॲसिडचा पंप चालणारच नाही, अशी सोय नियंत्रकात करून ठेवावी. वीज जाऊन आल्यावर पाणी फिरवणारा पंप सुरू झाल्याशिवाय कोणताही डोस सुटू नये, हेही बघावे. नाहीतर साचलेल्या पाण्यात ॲसिड एकाच कोपऱ्यात बसते आणि सेन्सरला त्याचा पत्ताच लागत नाही.

माझ्या खोलीत ईसी मी यंत्रावर सोडली आहे. सामू मात्र रोज सकाळी हातातल्या पेनाने तपासतो, आणि भिंतीवरच्या नियंत्रकाच्या आकड्याशी ०.३ पेक्षा जास्त तफावत आढळली तर ॲसिडची नळी काढून ठेवून आधी ७ आणि मग ४ सामूच्या द्रावणात पेन आणि यंत्राचा सामू-सेन्सर दोन्ही जुळवून घेतो.