जुने व्हिडिओ गेम आणि पडद्यावरचे चित्र : पार्श्वभूमी

१९९० च्या दशकात कोल्हापुरात वाढलेल्या कित्येकांच्या माळ्यावर कॅसेटचा व्हिडिओ गेम किंवा त्यानंतर घेतलेला प्लेस्टेशन आजही जपून ठेवलेला आहे. तो खाली काढून दिवाणखान्यातल्या मोठ्या एलईडी टीव्हीला जोडला, की चित्र पुसट दिसते, कडा थरथरतात, रंग एकमेकांत सांडतात आणि बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते. यंत्र खराब झाले, असा निष्कर्ष त्यावरून लगेच काढला जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. यंत्रात तयार होणारे चित्र, ते बाहेर आणणारी वायर आणि ते स्वीकारणारा टीव्ही या तिन्हींचा इतिहास समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. भारतात हा इतिहास युरोप-अमेरिकेपेक्षा वेगळ्या वाटेने घडला, त्यामुळे तिकडच्या जाणकारांचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

भारतात रंगीत प्रसारण १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी, सुरू झाले आणि त्यासाठी पाल ही पद्धत स्वीकारली गेली. या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा असतात. त्या दोन हप्त्यांत, आधी एकाआड एक आणि मग उरलेल्या, अशा काढल्या जातात आणि असे ५० हप्ते दर सेकंदाला येतात. जपान आणि अमेरिकेत एनटीएससी पद्धत होती, तिच्यात ५२५ रेषा आणि सेकंदाला जवळपास ६० हप्ते. घरगुती गेमची यंत्रे प्रामुख्याने या दुसऱ्या पद्धतीसाठी घडली. त्यांच्या रचनाकारांनी एक मोलाची युक्ती योजली होती : प्रत्येक हप्ता त्याच त्या रेषांवर पडेल अशा बेताने संकेत पाठवायचा, म्हणजे रेषा निम्म्या झाल्या तरी चित्र थरथरत नाही. साधारण २४० रेषांचे हे स्थिर चित्र आणि दोन रेषांमध्ये राहणारी बारीक काळी फट, हेच त्या काळातील गेमचे खरे रूप होते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला ही युक्ती सहज पेलत असे. आजच्या सपाट टीव्हीला ती बहुधा ओळखताच येत नाही, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथून उगवतात.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. आपल्याकडे घरोघर पोहोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी मूळ चिपच्या प्रतिकृती बनवल्या आणि पाल टीव्हीवर चालाव्यात म्हणून त्यांची गती ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५० हप्त्यांना, बसवली. गेम मात्र ६० हर्ट्झसाठी लिहिलेले होते. परिणामी आपण जे खेळलो ते मूळ वेगाच्या सुमारे पाच षष्ठांश वेगाने चालत होते आणि त्यांचे संगीतही त्याच प्रमाणात संथ होते. स्वरांची उंची जवळपास तीच राहत असल्यामुळे हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही. इम्युलेटरवर, म्हणजे संगणकात जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तेच गेम आता भरधाव वाटतात, त्याचे कारण हेच आहे.

चित्र बाहेर काढण्याचे मार्ग दोन होते. पहिला अँटेनाचा : यंत्रातील छोटा मॉड्युलेटर चित्र आणि आवाज एकत्र करून टीव्हीच्या एखाद्या चॅनलवर पाठवत असे, आणि टीव्ही ते जणू दूरदर्शनचेच प्रक्षेपण असल्याप्रमाणे पकडत असे. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये एवढीच सोय होती. दुसरा मार्ग पिवळ्या पिनेचा, म्हणजे कंपोझिटचा. त्यात आवाज वेगळा होतो, पण उजेड-अंधाराची माहिती आणि रंगाची माहिती एकाच तारेतून जाते आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. ही फोड पूर्णपणे शुद्ध होत नाही. अक्षरांच्या कडेला सरकणारे ठिपके आणि आकाराबाहेर पसरलेला लाल रंग ही तिचीच लक्षणे होत. एस-व्हिडिओमध्ये या दोन माहिती स्वतंत्र तारांतून जातात. आरजीबीमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग अलग येतात आणि फोड करण्याची गरजच उरत नाही.

१९८८ चा सेगा मेगा ड्राइव्ह, १९९० चा सुपर फॅमिकॉम आणि १९९४ चा प्लेस्टेशन या तिन्ही यंत्रांच्या मागच्या सॉकेटमध्ये आरजीबी उपलब्ध होते. फ्रान्समध्ये नव्या टीव्हीवर स्कार्ट हे जोडणीचे सॉकेट बंधनकारक झाले, युरोपभर ते रुळले आणि तिथल्या मुलांना ते चित्र एका वायरीत मिळाले. भारतात विकल्या गेलेल्या टीव्हीवर स्कार्ट नव्हते. प्लेस्टेशनच्या खोक्यात पिवळ्या पिनेची वायर असे, तीच जोडली जाई; अमेरिकी आवृत्तीची सीडी लावली तर केवळ पाल ओळखणाऱ्या टीव्हीवर चित्र अनेकदा कृष्णधवल दिसे, कारण टीव्हीला त्या संकेतातील रंग उलगडता येत नसे. यंत्राची कुवत होती, आपल्या टीव्हीला तो दरवाजा नव्हता, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते.

दरवाजा उघडला तो डीव्हीडीमुळे. २००० नंतर आलेल्या २१ आणि २९ इंची टीव्हींपैकी काहींच्या मागे हिरवी, निळी आणि लाल अशी कंपोनंटची तीन सॉकेटे दिसू लागली; त्यांचे रंग तेच असले तरी त्यांतून आरजीबी नव्हे, तर उजेड आणि रंगाची माहिती तीन तारांत वेगळी येते. ती डीव्हीडी प्लेअरसाठी होती, पण प्लेस्टेशन २ त्यांना थेट जोडता येतो, आणि आरजीबी देणाऱ्या जुन्या यंत्राचा संकेत एका छोट्या रूपांतरकातून तिथे नेला तर गुणवत्तेत जवळपास काहीच घट होत नाही. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथल्या कारागिरांना हे काम अवघड नाही. टीव्ही दुरुस्त करणारा अनुभवी माणूस असे सर्किट आणि सोल्डरिंग सहज हाताळतो. अडचण आहे ती चांगली पिक्चर ट्यूब मिळण्याची. सपाट टीव्ही आल्यावर बरेचसे जुने संच भंगारात गेले, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले तिथेही जमिनीलगतच्या वस्तू वाचवणे कठीण होते. कंपोनंट सॉकेट असलेला चालू संच कोणाकडे असेल, तर तो विकू नये असे मी आग्रहाने सांगेन.

सपाट टीव्हीपुढील प्रश्न वेगळा आहे. त्याच्या पडद्यावरचे बिंदू ठरलेले असल्यामुळे आलेले चित्र त्याला ताणून बसवावे लागते. २४० रेषांचा स्थिर संकेत तो ४८० रेषांचा, दोन हप्त्यांतला समजतो आणि नसलेले अर्धे चित्र जुळवण्याचा प्रयत्न करतो. त्यातून धूसरपणा येतो आणि उशीरही होतो. बाजारात मिळणारा स्वस्त एव्ही ते एचडीएमआय डबा हीच चूक आधीच करून ठेवतो, शिवाय चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणतो. यावर जुन्या यंत्राचा संकेत सपाट टीव्हीसाठी नीट बदलून देणारी खास उपकरणे निघाली ती २०११ च्या सुमारास आलेल्या जपानी फ्रेममाइस्टरपासून. त्यानंतर आलेल्या ओएसएससीचे डिझाइन सर्वांसाठी खुले आहे; ते पूर्ण चित्र साठवत न बसता प्रत्येक रेषा दुप्पट ते पाचपट करून पुढे पाठवते, म्हणून त्यात उशीर जवळजवळ नसतोच. रेट्रोटिंक मालिकेतील ५एक्स २०२१ मध्ये आणि ४के २०२३ मध्ये आले. ओएसएससीचा संकेत आलेल्या वेगानेच बाहेर पडतो, त्यामुळे पाल यंत्रासाठी ५० हर्ट्झ स्वीकारणारा टीव्ही लागतो. अमेरिकेत हा अडसर ठरतो; आपल्याकडचे प्रसारणच ५० हर्ट्झचे असल्यामुळे इथले टीव्ही तो वेग सहसा स्वीकारतात.

तरीही सर्वांत स्वच्छ चित्र म्हणजे सर्वांत खरे चित्र, असे सरसकट म्हणता येत नाही. मेगा ड्राइव्हवरच्या १९९१ च्या ‘सोनिक’ या गेममधील धबधबा उभ्या पट्ट्यांनी रेखाटलेला आहे, कंपोझिटवर त्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक भासते, आरजीबीवर नुसत्या पट्ट्या उरतात. चित्रकाराने पिवळी पिन गृहीत धरूनच तिथे रंग भरले होते.

कॅसेटच्या नकली यंत्रांबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. फॅमिकॉमची चित्र घडवणारी चिप मुळातच कंपोझिट तयार करते; आत आरजीबी नाही, आणि ओएसएससीला कंपोझिटचे प्रवेशद्वार नाही. मूळ यंत्रात आरजीबी देणारे एनईएसआरजीबीसारखे वेगळे बोर्ड बसवता येते, पण बोर्डवर ओतलेल्या काळ्या थेंबाखाली सगळे एकाच चिपमध्ये दडलेल्या नकलेत तो मार्ग बंद असतो. तिथे मॉड्युलेटरच्या आधीच कंपोझिट संकेत काढून घ्यावा, स्वस्त अडॅप्टर बदलून स्थिर व्होल्टेज देणारा घ्यावा म्हणजे आडव्या सरकत्या पट्ट्या कमी होतात, आणि कंपोझिट स्वीकारणारे रेट्रोटिंक २एक्ससारखे उपकरण किंवा जुना टीव्ही वापरावा.

प्लेस्टेशन २ साठी कंपोनंट वायर घेतली की आधी पिवळ्या पिनेवर यंत्र सुरू करावे आणि सिस्टीमच्या सेटिंगमध्ये कंपोनंट आउटपुट आरजीबीवरून वाय-सीबी-सीआर (कंपोनंटची उजेड-रंगाची पद्धत) असे बदलावे. ते विसरले तर रंग पूर्णपणे बिघडतात आणि चांगली वायर सदोष समजून परत केली जाते. त्याच यंत्रावर पहिल्या प्लेस्टेशनची सीडी लावली की संकेत पुन्हा निम्म्या रेषांचा होतो, आणि कित्येक सपाट टीव्ही कंपोनंटवर तो घेतच नाहीत. अशा वेळी मध्ये ओएसएससी असेल तर दोन्ही पिढ्यांचे गेम एकाच वायरीवर चालतात.