धूमकेतूची शेपटी मागं नसते ओ!

आपल्या साताऱ्यात धूमकेतूचा विषय निघाला की अजून ऐकायला मिळतं, तो सुर्रकन जातो आणि एसटीमागं धुरळा उडतो तशी शेपटी मागं राहते. दोन्ही चूक. सुर्रकन जाते ती उल्का, धूमकेतू आकाशात एका जागी थांबल्यासारखा दिसतो, ताऱ्यांबरोबरच मावळतो आणि रोज थोडासा सरकतो.

शेपटीचं म्हणाल तर, धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याचा बर्फ तापून गॅस आणि धूळ सुटते, गॅसला सौरवारा (म्हणजे सूर्यातून सतत सुटणारा कणांचा झोत) ढकलतो, धुळीला सूर्यप्रकाशाचा दाब, म्हणून शेपटी सूर्याच्या उलट दिशेला जाते, धूमकेतू कुठं का चालला असेना! परत जाताना तर शेपटी पुढं आणि डोकं मागं असतं. धुळीची शेपटी जरा वाकते, गॅसची सरळ.

2024 चा त्सुचिनशान-अॅटलास धूमकेतू आठवा. 27 सप्टेंबरला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ होता, त्याआधी पहाटे पूर्वेला दिसायचा आणि ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी पश्चिमेला, शुक्र आणि स्वाती ताऱ्याच्या मधे. दोन्ही वेळा शेपटी वरच, कारण सूर्य क्षितिजाखाली.

पुढचा असा आला की यवतेश्वरच्या वर कासच्या बाजूला जावा, शहराचे लाईट पाठीमागं राहतात, आणि मोबाईल खिशात ठेवून डोळे पंधरा-वीस मिनिटं अंधाराला सरावू द्या. साधी दुर्बीण असली तरी खूप झालं. फक्त सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण तिकडं वळवू नका, डोळे कायमचे जातील.